सुभेदाराला माझा आजार लागला का?



या मालिकेसाठी संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांच्या मनात लडाख असावं, बर्फ असावं. निवृत्त कर्नल म्हटला की लोकांना तेच आठवतं आणि त्यात चूक काही नाही. मी म्हटलं, मला माझ्या पक्ष्याबद्दल बोलायचंय. पलीकडे जरा शांतता. मग हळूच प्रश्न आला, "सर, हे कुठल्या मोहिमेचं नाव आहे का?" म्हटलं, नाही हो, खराखुरा पक्षी. पिंजऱ्यातला. नव्वद-पंचाण्णव ग्रॅम वजनाचा.

जातीनं तो कॉकटील. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पोपटांच्याच मोठ्या कुळातला. राखाडी अंग, पिवळं तोंड, गालावर नारिंगी ठिपका आणि डोक्यावर तुरा. तो तुरा बघून आमच्या हिनं त्याचं नाव सुभेदार ठेवलं. २०१४ साली हिच्या वाढदिवसाला मुलीनं तो आणला होता. २०१९ मध्ये ही गेली. सुभेदार राहिला. हे पक्षी नीट सांभाळले तर पंधरा-वीस वर्षं जगतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

कॉकटील काही पोपटासारखं घडाघडा बोलत नाही. शीळ छान घालतं, एखाद-दुसरा शब्द उचलतं. आमच्या सुभेदारानं एकच शब्द उचलला. "अहो." स्वयंपाकघरातून ही मला जशी हाक मारायची तशीच, शेवटचा 'हो' जरा लांबवून. ही गेल्यावर पहिले काही महिने तो शब्द ऐकला की मी खोलीबाहेर जायचो. नंतर त्याचीच वाट बघायला लागलो. एवढं सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, आणि तिच्यातली बरीच वर्षं खेचरांच्या तुकड्यांबरोबर. डोंगरात जिथं गाडी जात नाही तिथं रसद खेचरांच्या पाठीवरून जाते. निवृत्तीनंतर महूला स्थायिक झालो. त्याचं आता अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर. छावणीचं गाव, हवा बरी, इंदूर हाकेच्या अंतरावर आणि इंदुरात मराठी माणूस पावलोपावली.

तर प्रश्न असा. मालक आजारी असेल तर त्याचा आजार पाळलेल्या पक्ष्याला लागतो का? पक्षी पाळणारे लोक हे एकमेकांना नेहमी विचारतात. उलटा प्रश्न सगळ्यांना माहीत आहे, की पक्ष्यामुळे माणसाला काय होतं. कबुतरांवरून सोसायट्यांमध्ये भांडणं होतात, बर्ड फ्लूची बातमी आली की अंडी कोण घेत नाही. पण आपल्यामुळे पक्ष्याला काय होतं, हे विचारायची वेळ सहसा येत नाही. माझ्यावर आली.

२०२२ ची दिवाळी. फटाक्यांचा धूर, थंडीची सुरुवात. मला खोकला लागला. मी फौजी माणूस, डॉक्टरकडे जाणं म्हणजे हार असं मानणारा. वाफारा घेतला, त्यात मेंथॉलच्या गोळ्या टाकल्या. छातीला बाम चोळला. रात्री डास, म्हणून कॉइल. संध्याकाळी हिच्या फोटोपुढे ऊद आणि धूप, ते तर नेहमीचंच. थंडी म्हणून खिडक्या बंद. आणि या सगळ्यात माझ्या पलंगापासून चार हातांवर सुभेदाराचा पिंजरा.

शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "कर्नलसाहेब, त्या पक्ष्यानंच होतंय तुम्हाला. काढून टाका." त्यांचं म्हणणं अगदी चूक नव्हतं. कॉकटीलच्या पिसांतून पिठासारखी बारीक पूड सतत झडत असते आणि वर्षानुवर्षं ती श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना सूज येते. डॉक्टरांना हा आजार चांगला माहीत आहे. पण मी पक्षी काढला नाही, आणि डॉक्टरकडेही गेलो नाही. सहा आठवडे तसेच काढले. वजन सहा किलो उतरलं. रात्री घाम यायला लागला. डिसेंबरात मुलगी पुण्याहून आली, मला पाहिलं आणि एक शब्द न बोलता गाडीत घातलं. थुंकीची तपासणी, छातीचा एक्स-रे. क्षयरोग.

डॉक्टर तरुण होत्या, शांतपणे बोलत होत्या. सहा महिने औषध, एकही दिवस चुकवायचं नाही. पहिले काही आठवडे मास्क, खोली वेगळी, खिडक्या उघड्या. औषध नीट लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण करण्याची ताकद बरीच कमी होते, हेही त्यांनी सांगितलं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. म्हणजे मी काही जगावेगळा नव्हतो. पण मला फार लाज वाटली. चाळीत, गावात 'त्या घरात टीबी आहे' असं दबक्या आवाजात बोललेलं लहानपणी ऐकलेलं असतं ना, ते आत कुठंतरी बसलेलं असतं. मुलीला म्हटलं, कोणाला सांगायचं नाही. मेसमध्ये सांगितलं, ब्राँकायटिस आहे.

पक्ष्याबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आता ऐका मी त्यांना काय सांगायला हवं होतं. रोज सकाळी नाश्त्याला मी पोळीचा तुकडा ओठांत धरायचो आणि सुभेदार खांद्यावरून येऊन तो चोचीनं काढून घ्यायचा. हिनं लावलेली सवय. खोकल्याच्या त्या सहा आठवड्यांतही ती चालू होती. किंबहुना जास्तच, कारण मी घरातच होतो.

जानेवारीच्या मध्यावर तो शिंकायला लागला. उजव्या डोळ्याखाली हरभऱ्याएवढी गाठ आली. दाणे टिपायचा, पण सोलून टाकून द्यायचा, गिळायचा नाही. आणि बोलायचा थांबला. आजारी पक्षी आजार लपवतो, हे लक्षात ठेवा. रानात जो आजारी दिसतो तो आधी शिकार होतो, म्हणून शेवटपर्यंत तो फांदीवर ताठ बसून राहतो. तो फुगून बसलेला, डोळे मिटलेला दिसतो तोवर बराच उशीर झालेला असतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याला ठेवलं. नेहमी ९४ ग्रॅम भरायचा, ८१ भरला. ऐकायला तेरा ग्रॅम किरकोळ वाटतं. माझ्या अंगाच्या मानानं हिशेब केला तर ते दहा किलो होतात.

महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं शिकलेले एक डॉक्टर इंदुरात पक्ष्यांचा दवाखाना चालवतात. मराठीच. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पक्षी टॉवेलात धरला, बोटांनी छातीचं हाड चाचपलं, चोच उघडून टॉर्च मारला. आत टाळूवर पांढरट ठिपके होते. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला खोकला, ताप वगैरे?"

मी म्हटलं, "नाही."

मंडळी, मी तेहेतीस वर्षं वर्दी घातली. खोटं बोलायची वेळ आलीच नाही असं म्हणणार नाही, पण इतक्या झटकन, इतक्या सहज मी क्वचित बोललो असेन. समोर दुसरे दोन लोक कुत्री घेऊन बसले होते. एवढंच कारण.

आणि हे मी कोण? खेचरांच्या तुकडीत असताना आमच्याकडे रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरचे एक मेजर यायचे. एखादं खेचर खात नाही अशी तक्रार आली की ते खेचराकडे नंतर जायचे. आधी त्याला सांभाळणारा जवान समोर बोलवायचे. आम्ही त्याला ड्रायव्हर म्हणतो. त्याचे हात बघायचे, नखं बघायचे, विचारायचे, तुला ताप होता का, झोपलास का, सुट्टीवरून कधी आलास. जनावर बोलत नाही, त्याच्या वतीनं माणसानं बोलायचं असतं. हे मी स्वतः शेकडो जवानांना शिकवलं आहे. माझ्याकडून शिकलेला एखादा आज ऐकत असेल तर त्यानं आता हसावं, मी रागावणार नाही.

पशुवैद्यांनी तो प्रश्न का विचारला तेही सांगतो. पोपटांच्या कुळात सिटॅकोसिस नावाचा एक आजार असतो. पक्षी शिंकतो, मलूल होतो, आणि त्याच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून त्यांना घरातल्या खोकल्याची चौकशी करायची होती. मी नाही म्हटल्यावर त्यांनी त्या अंदाजानं डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. पक्षी त्यावर सुधारला नाही. दोन आठवड्यांनी काट्यावर ७७.

त्या रात्री मी माझ्या औषधांची पाकिटं बघत बसलो होतो. आपल्या देशात क्षयरोग्याची सरकारदरबारी नोंद करणं २०१२ पासून सक्तीचं आहे. म्हणजे माझा आजार सरकारला माहीत, माझ्या डॉक्टरांना माहीत. ज्याला सांगितल्यानं काही उपयोग होणार होता, तेवढ्या एका माणसाला माहीत नव्हता. सकाळी उठलो आणि गेलो. आत शिरल्याबरोबर म्हटलं, "डॉक्टर, मी मागच्या वेळी खोटं बोललो. मला टीबी आहे. डिसेंबरपासून औषध चालू आहे. आणि हा माझ्या तोंडातून पोळी खातो."

ते रागावले नाहीत. आधी त्यांनी मदतनीस मुलाला बाहेर पाठवलं, मग स्वतः मास्क लावला, आणि मग बसले. पुढची वीस मिनिटं त्यांनी मला जे सांगितलं, ते मी नंतर वाचून-विचारून पक्कं केलं.

साध्या सर्दीची भीती नाही. आपल्याला सर्दी देणारे विषाणू माणसाच्या पेशींना सरावलेले असतात, पक्ष्याच्या अंगात त्यांचा निभाव लागत नाही. आपल्याला शिंका येताहेत म्हणून पिंजरा शेजाऱ्याकडे पाठवायची गरज नाही. फ्लूचं जरा वेगळं. नाकात, श्वासनळीत विषाणूला चिकटायला ज्या जागा लागतात त्या माणसात आणि पक्ष्यात वेगळ्या घडणीच्या असतात, म्हणून माणसाचा नेहमीचा फ्लू पक्ष्याला सहसा होत नाही. पण सहसा. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत चिलीमध्ये टर्की कोंबड्यांच्या फार्मांवर तोच माणसांमधला विषाणू सापडला होता. माणसाला फ्लू असेल तर पक्ष्यापासून चार दिवस लांब राहावं, एवढंच. आणि कोविड? २०२० मध्ये कोंबड्या, बदकं, टर्की यांच्यावर मुद्दाम प्रयोग करून पाहिले, त्यांना लागण झाली नाही. तो पक्ष्यांना नाही, प्राण्यांना झाला. २०२१ च्या मे महिन्यात हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात आठ सिंह पॉझिटिव्ह निघाले, ते तुम्ही वाचलं असेल.

आता क्षयरोग. पक्ष्यांना त्यांचा स्वतःचा एक क्षय असतो, त्याचे जंतू वेगळे. माणसाच्या क्षयाला कोंबडी, कबूतर सहसा दाद देत नाहीत. पण पोपटांचं कुळ याला अपवाद आहे. मकाव, ॲमेझॉन, आफ्रिकन ग्रे या पोपटांना मालकाकडून क्षय झाल्याच्या नोंदी आहेत. युरोपातल्या पशुवैद्यांनी अशी प्रकरणं तपशिलात लिहून ठेवली आहेत. आणि तो होतो कुठं? बऱ्याचदा चोचीच्या कडेला, डोळ्याभोवती, तोंडात, जिभेखाली. गाठीच्या रूपानं. म्हणजे जिथं माणूस पक्ष्याचा मुका घेतो, जिथं तो त्याला चावलेला घास भरवतो, तिथं.

मी सुभेदाराच्या डोळ्याखालच्या गाठीकडे बघत होतो.

"आणि तो निघाला तर?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "सर, तर मी त्याच्यावर उपचार करा असं सांगणार नाही."

कारण त्यांनी दिलं. नव्वद ग्रॅमच्या पक्ष्याला तीन-चार औषधं मोजून, रोज, कित्येक महिने द्यायची. एक डोस कमीजास्त झाला की जंतू औषधाला सरावतात, आणि मग असे सरावलेले जंतू घेऊन तो पक्षी माणसांच्या घरात बसणार. भरवणाऱ्याला, पिंजरा धुणाऱ्याला, नातवंडाला. अशा पक्ष्याला शांतपणे झोपवतात. त्यांनी हाच शब्द वापरला, झोपवतात.

गाठीतून सुईनं थोडा माल काढला. काचेवर पसरून क्षयाच्या जंतूंसाठी रंगवून पाहिला. जंतू दिसले नाहीत. पण न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. थोडे असले तर काचेवर निसटतात. खात्रीसाठी कल्चर लावावं लागतं, आणि क्षयाचा जंतू इतका सावकाश वाढतो की उत्तराला सहा ते आठ आठवडे लागतात. काचेवर त्यांना दुसरंच काहीतरी दिसलं होतं, पण ते म्हणाले, आत्ता नको, कल्चर येऊ दे. एक औषधाचा थेंब दिला, पिंजरा वेगळ्या हवेशीर खोलीत ठेवायला सांगितलं, हाताळणारा एकच माणूस आणि तोही मास्क लावून. तो माणूस अर्थात मी. मला आणखी काय होणार होतं?

घरी कामाला येणाऱ्या बाईंना मात्र सांगणं भाग होतं. त्यांच्याकडे लहान नात आहे. मी दोन दिवस वाक्य जुळवत होतो. शेवटी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एवढंच ना साहेब? आमच्या सासऱ्यांना झाला होता. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, नंतर दहा वर्षं शेत केलं." मग हात पुसून म्हणाल्या, "मला वाटलं कामावरून काढताय." त्यांची आणि नातीची तपासणी करून घेतली, दोघी ठीक निघाल्या. तेव्हापासून मेसमध्येही मी ब्राँकायटिस म्हणणं सोडलं. दोघांनी लांबून हात जोडले, बाकीचे होते तसेच राहिले.

ते आठ आठवडे कसे गेले ते फार सांगत बसत नाही. एक गोष्ट मात्र सांगतो. रिपोर्टच्या आठवड्यात माझ्या मनात आलं की दवाखान्यात जाऊच नये. फोनही घेऊ नये. पक्षी घरात आहे, दार बंद आहे, कोण येणार बघायला? हे मला सुचलं, नियम पाळण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला. दुसरा कुणी असं वागला तर मी आता पूर्वीइतक्या तावातावानं बोलणार नाही.

मधल्या काळात एक गोष्ट घडत होती आणि तिच्यावर विश्वास ठेवायची मला भीती वाटत होती. गाठ कमी होत होती. काट्यावर ७९. मग ८२. फेब्रुवारीच्या अखेरीला ८५.

एप्रिलच्या सुरुवातीला कल्चरचं उत्तर आलं. क्षयाचे जंतू वाढले नाहीत.

मग डॉक्टरांनी काचेवर पाहिलेलं ते दुसरं काहीतरी मला समजावून सांगितलं. गाठीत जंतूंऐवजी कोरड्या, कडक झालेल्या पेशींचा थर होता. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की पक्ष्याच्या तोंडातलं, नाकामागच्या पोकळ्यांतलं ओलसर अस्तर सुकतं, खवल्यासारखं होतं. वाटा बुजतात, आत साचतं, गाठ येते. टाळूवरचे पांढरे ठिपके त्याचेच. निव्वळ दाण्यांवर ठेवलेल्या पोपटांमध्ये हे फार दिसतं, कारण सूर्यफुलाच्या बिया आणि राळे यांत हे जीवनसत्त्व जवळपास नसतंच. ते असतं पालकात, कोथिंबिरीत, शेवग्याच्या पाल्यात, गाजरात, लाल भोपळ्यात. त्यांनी दिलेला थेंब त्याचाच होता, जपून मोजलेला, कारण हे जीवनसत्त्व जास्त झालं तरी विषारी ठरतं.

"खाण्यात काय बदललं होतं?" त्यांनी विचारलं.

सगळंच बदललं होतं. ही होती तेव्हा आणि नंतर मीही, रोज सकाळी बाजारातून कोथिंबीर, पालक आणायचो. त्यातली पहिली काडी सुभेदाराची. मी आजारी पडल्यापासून बाजार बंद. दिवाळीत आणलेलं दाण्यांचं मोठं पोतं होतं, तेच वाटीत ओतत होतो. आधीही त्याला बियाच जास्त आवडायच्या, म्हणजे पुंजी काही फार नव्हती, आणि मग दोन-अडीच महिने एक हिरवं पान नाही. त्यात तो धूर.

धुराचं जरा सांगतो, कारण हे तुम्हाला आज घरी गेल्या गेल्या उपयोगी पडेल. पक्ष्याचा श्वास आपल्यासारखा नसतो. आपण हवा आत घेतो आणि त्याच वाटेनं बाहेर सोडतो. पक्ष्याच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेनं वाहत जाते, आणि फुप्फुसांना जोडून अंगभर हवेच्या पिशव्या असतात. बहुतेक पक्ष्यांत नऊ. उडायला भरपूर प्राणवायू लागतो म्हणून ही सोय. पण जी सोय प्राणवायू जास्त ओढते ती विषही जास्त ओढते. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत, ते अगदी १९८६ पर्यंत. माणसाला कळायच्या आधी पक्षी कोसळायचा. आता माझी खोली आठवा. कॉइल, ऊद, धूप, बाम, मेंथॉलची वाफ, बंद खिडक्या. मी बरं होण्यासाठी जे जे केलं ते त्याच्या श्वासात जात होतं. नॉनस्टिकचा तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो, हेही मला तेव्हाच कळलं. आज इथं कार्यक्रमाच्या सुरुवातीला उदबत्ती लावली. संयोजक म्हणत होते पक्ष्याला घेऊन या, प्रेक्षकांना आवडेल. नाही आणलं ते बरं झालं.

तर मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "म्हणजे माझा आजार त्याला लागला की नाही?"

ते म्हणाले, "टीबी नाही लागला, सर. तुमचे ते दोन महिने लागले."

त्यावर मला बोलायला काही सुचलं नाही.

हे ऐकून तुमच्यातले काही म्हणतील, म्हणजे टीबीचा तो सगळा बाऊ फुकट होता. तसं नाही. माझं नशीब होतं. गाठ नेमकी तशीच, नेमकी तिथंच आली होती, आणि सवयही नेमकी तीच होती. आणि मी पहिल्या भेटीत खरं बोललो असतो तर दोन आठवडे आणि चार ग्रॅम वाचले असते. चार ग्रॅमनं पक्षी जातोही. आपल्या तोंडात जे जंतू निरोगीपणी सुखानं नांदतात, त्यांतलेही काही पक्ष्याला मानवत नाहीत, म्हणून मुका घेणं, तोंडातून भरवणं हे टीबी नसतानाही बंदच बरं. आजारी असाल तर पिंजरा दुसऱ्या खोलीत, हात धुऊन दाणापाणी, आणि आपल्याला उठवत नसेल तर हिरव्या पाल्याची जबाबदारी नाव घेऊन कुणावर तरी सोपवायची. फौजेत आम्ही ड्यूटी सोपवल्याशिवाय आजारी पडत नाही. घरात मात्र मी तसाच पडलो.

अजून एक. आपल्या कित्येक घरांत पिंजऱ्यात राघू असतो, आपला हिरवा देशी पोपट. तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्या भीतीनं लोक आजारी राघूला डॉक्टरकडे नेतच नाहीत. मी माझी लाज लपवली, ते पक्षीच लपवतात. दोन्हींत मरतो तो पक्षी. मुळात तो रानातून आणायचाच नाही. आणि घरात आधीपासून असलाच, तर जवळच्या वनविभागाच्या कार्यालयाशी बोला.

माझी औषधं २०२३ च्या जूनमध्ये संपली. थुंकी साफ, वजन परत आलं. सुभेदार मेमध्ये एका दुपारी बोलला. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. पहिल्यांदा नीट उमटलं नाही, घसा बसल्यासारखं. दुसऱ्यांदा नीट. मी सवयीनं "आलो" म्हटलं.

आता दर रविवारी काटा काढतो, वहीत लिहितो. परवा ९२ भरला. सकाळी मी नाश्त्याला बसलो की अजूनही खांद्यावर येतो, मान लांब करून माझ्या ओठांकडे बघतो. मी तोंड फिरवतो आणि चमच्यावर तुकडा धरतो. तो चमच्याला एक टोच मारतो, तुकडा उचलतो, खाली टाकून देतो आणि परत ओठांकडे बघतो. दोन वर्षं होऊन गेली, रोज हेच चाललंय.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, मी आहे अजून अर्धा तास.